पाच गोळ्यांचं बारूद

माझं शेवटचं पोस्टिंग कॅनडात, टोरंटोजवळच्या मिल्टनला झालं. ऑर्डर मुलीने काढली, मूव्हमेंट एअरलाइनने सांभाळली आणि कमांडिंग ऑफिसर म्हणून शालन सोबत आली. ती लग्नाच्या दिवसापासून त्याच हुद्द्यावर आहे. मी सुभेदार, निवृत्त. चोवीस वर्षं बटालियनच्या आर्मरर शॉपमध्ये काढली. आर्मरर म्हणजे हत्यारांचा डॉक्टर. रायफल असो की मशीनगन, जे बिघडेल ते माझ्या टेबलावर यायचं. माझ्या हाताखालून गेलेल्या रायफली एकापुढे एक मांडल्या असत्या तर पठाणकोटपासून कन्याकुमारीपर्यंत पोचल्या असत्या. हे मी इथल्या मराठी मंडळात सांगितलं तेव्हा एका इंजिनिअरने फोन काढून गुणाकार केला आणि म्हणाला, काका, बसत नाही. मी म्हटलं, मधे नद्या आहेत, तिथे कमी लागतात.

मंडळाच्या अंकासाठी सैनिकी आठवण लिहा असा आग्रह झाला. सगळ्यांना लढाई हवी होती. लढाई मी बरीच सांगितली आहे, दर वर्षी शत्रू थोडे वाढतात. या वेळी मी डगची आठवण लिहितो. यातले शत्रू मोजून एक, आणि तो माझ्याच बेसमेंटमध्ये होता.

पहिल्या वर्षी माझं रूटीन असं होतं. ०५०० ला उठणं, ०५३० ला चहा, ०६०० ला बर्फ पडला असेल तर शोव्हल करणं. आमच्या सबडिव्हिजनमध्ये सगळी घरं एका साच्यातून काढलेली. एका पहाटे मी पूर्ण ड्राइव्हवे आरशासारखा साफ केला आणि दार उघडायला गेलो तर किल्ली लागेना. घर शेजाऱ्याचं निघालं. तो माणूस अजून मला बघितलं की हात जोडतो.

पुढे मनीषा, म्हणजे माझी मुलगी, म्हणाली, बाबा, तुम्ही काहीतरी जॉइन करा, नाहीतर आई तुम्हाला परत पाठवेल. मी रायफल क्लब जॉइन केला. त्याआधी लायसन्सचा कोर्स करावा लागला. माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान बाईंनी मला रायफल कशी धरायची ते दोन दिवस शिकवलं. मी एक अक्षर बोललो नाही. परीक्षेत एक मार्क गेला. कुठे गेला ते मी शालनला आजपर्यंत सांगितलेलं नाही.

क्लब मिल्टनच्या वरच्या अंगाला, जुन्या दगडखाणीच्या मागे आहे. तिथे डग भेटला. कॅनडाच्या सैन्यातला सार्जंट, निवृत्त, वय शहात्तर, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. पहिल्या दिवशी त्याने विचारलं, सर्व्हिसमध्ये कुठली रायफल होती? मी म्हटलं एसएलआर. तो हसला. त्याच्या सैन्यातही तीच रायफल होती, फक्त नाव वेगळं. एकच वजन, एकच ७.६२ ची गोळी, खांद्याला बसणारा एकच धक्का. आम्ही दोघांनी शर्टची कॉलर बाजूला करून उजवा खांदा दाखवला. निळा डाग कधीच गेला होता, पण दोघांनाही तो दिसला. त्या दिवसापासून मी त्याचा 'सूब' झालो. सुभेदार हा शब्द त्याच्या जिभेला झेपला नाही.

डगने मला हाताने गोळी भरायला शिकवलं. सिव्हिलियन वाचकांसाठी सांगतो, सैन्यात गोळी कुणी भरत नाही. गोळी पेटीतून येते. पेटीवर लॉट नंबर असतो, सील तोडायचं, रजिस्टरवर सही करायची, जवानांना वाटायची. चोवीस वर्षांत माझ्यासमोरून जेवढ्या गोळ्या गेल्या तेवढे महाराष्ट्रात तांदळाचे दाणे नसतील, पण त्यातली एकही मी भरलेली नव्हती. घरी गोळ्या भरणारा माणूस म्हणजे देशी कट्टेवाला, अशी माझी समजूत. डगच्या बेसमेंटमध्ये गेलो आणि ती समजूत पायरीवरच काढून ठेवली.

तिथे आमच्या शॉपपेक्षा जास्त शिस्त होती. एक टेबल, एक दिवा, एक प्रेस, एक तराजू. फायर झालेली पितळी केस, म्हणजे रिकामं काडतूस, तो आधी धुऊन चकचकीत करतो. मग प्रेसमध्ये दाबून मापात आणतो. मागे ठिणगी देणारा नवा प्रायमर बसवतो, बारूद तोलून आत घालतो, वर बुलेट, म्हणजे उडणारं टोक, बसवतो. प्रत्येक केस दिव्याखाली फिरवून बघतो, जणू मुलगी बघायला गेलाय. तराजू इतका नाजूक की मी मिशीचा एक केस उपटून त्यावर ठेवला तर काटा हलला.

"हेवी मुस्टॅश," डग म्हणाला. त्या दिवसात तो तेवढंच बोलला.

त्या गोळ्यांनी त्याने तीनशे मीटरवर पाच राउंड एका चहाच्या कपात बसवले. मनीषा म्हणते कप नव्हता, बशी होती. बरं, बशी. पण तीनशे मीटरवर बशीत पाच राउंड घालणारा माणूस माझ्या अख्ख्या बटालियनमध्ये एकच होता, आणि तो कोण हे मी स्वतःच्या तोंडाने सांगणार नाही.

डगचा नियम एकच होता, आणि तो रोज सांगायचा. टेबलावर एका वेळी बारुदाचा एकच डबा. दुसरा काढायचा असेल तर पहिला बंद, कपाटात, कुलूप. कारण बारूद नाना जातीचं असतं आणि दिसायला सगळं सारखंच. काळपट, बारीक काड्या, भाजलेल्या शेवयांच्या चुऱ्यासारख्या. एक सावकाश जळतं आणि बुलेटला ढकलत नेतं. दुसरं झटक्यात जळतं, ते हलक्या सरावाच्या गोळ्यांसाठी चिमूटभर वापरायचं. झटक्याचं बारूद सावकाशीच्या मापाने भरलं तर बुलेट पुढे जायच्या आत रायफल मागे फुटते. आणि मागे काय असतं? नेम धरणाऱ्याचा गाल असतो, डोळा असतो.

डगकडे एक डबा निराळा होता. हिरव्या पत्र्याचा, वर पांढऱ्या रंगात सैन्याचा लॉट नंबर. सैन्याच्या जुन्या गोळ्या निकाली निघाल्या की त्या फोडून आतलं बारूद सरप्लस म्हणून विकायचे, त्यातला. डगने तो कैक वर्षांपूर्वी घेतला होता. त्याचं म्हणणं, हा तोच लॉट, जो त्याच्या सेक्शनजवळ होता, शांतिसेनेच्या पोस्टिंगमध्ये, ज्या सकाळी पुढची गाडी सुरुंगावर गेली. गाडीत चार जण होते. डग मागच्या गाडीत होता. लॉट नंबर खरंच तोच का, हे मी विचारलं नाही. मी स्वतः इतक्या गोष्टी वाढवून सांगितल्या आहेत की दुसऱ्याचा एक नंबर तपासायचा मला अधिकार नाही.

त्या डब्यातून तो वर्षाला चार गोळ्या भरायचा. चारच. अकरा नोव्हेंबरला, रिमेंब्रन्स डेला, म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या स्मरणदिनी, क्लबमध्ये अकरा वाजता दोन मिनिटं शांतता असते आणि मग जुने सैनिक आपापल्या माणसांसाठी एकेक राउंड फायर करतात. बाकीचे दुकानातल्या गोळ्या आणतात. डग आपल्या चार माणसांना दुकानातली गोळी देत नसे.

गेल्या ऑक्टोबरात त्याने तो डबा माझ्या हातात ठेवला. तळाला थोडं उरलं होतं.

"लास्ट ऑफ इट. माझे चार. तुझे किती, सूब?"

मी म्हटलं, "एक."

"मग तुझं आधी काढून घे. उरलेलं मला आणून दे."

माझा एक म्हणजे नाईक तुकाराम शेलार. शालनचा धाकटा भाऊ. माझ्याच बटालियनमध्ये होता. बर्फातल्या एका पोस्टवर त्याच्या एलएमजीची, म्हणजे हलक्या मशीनगनची, फायरिंग पिन तुटली म्हणून मी नवी पिन घेऊन वर निघालो होतो. १६३० ला पोचलो. तो १४०० ला गेला होता. याच्यापेक्षा जास्त मी या गोष्टीत कधी काही घातलेलं नाही.

डबा घरी आणला आणि रोज उद्यावर ढकलत गेलो. खरं सांगायचं तर त्या एका गोळीला हात लावायचा धीर होत नव्हता. नऊ नोव्हेंबरला दुपारी शेवटी आमच्या बेसमेंटमध्ये, डगचं बघून मांडलेल्या माझ्या टेबलाशी बसलो. सकाळी मी सरावाच्या हलक्या गोळ्या भरल्या होत्या, झटक्याच्या बारुदाचा तो डबा अजून टेबलावरच होता. तो आत ठेवायच्या आधी मी डगचा हिरवा डबा बाहेर काढला. एका टेबलावर दोन डबे. तेवढ्यात लक्षात आलं, नातीची शाळा सुटायची वेळ झाली. दोन्ही डबे तसेच ठेवून मी गेलो.

परत आलो तर हिरवा डबा नव्हता. शालन म्हणाली, डगभाऊ आले होते, डबा घेऊन गेले, तुमची गोळीपण मीच भरतो म्हणालेत. मला उलट बरं वाटलं. माझा डबा उचलून कपाटात टाकला, कुलूप लावलं. मनात काही आलं नाही. चोवीस वर्षांचा अनुभव असा ऐन वेळी चहा प्यायला गेलेला असतो.

अकरा नोव्हेंबर. सकाळी १००८. मी ब्लेझर घातला होता, मेडल लावली होती, पायात अजून बाथरूमच्या निळ्या स्लिपर. शालनने चहा पुढे ठेवला. आज तुकारामचा दिवस म्हणून तीही येणार होती, पातळावर जॅकेट चढवून तयार होती. बोलता बोलता म्हणाली, डगभाऊंचा डबा असा तळाला गेलेला द्यायला बरं वाटेना. बिचारे एकटे राहतात, आपल्याला वापरायला दिला, आणि आपण रिकामा पाठवायचा?

मी कप खाली ठेवला. "काय घातलंस त्यात?"

"खायचं काही घालणार होते, पण वास बघितला. मग तुमच्या त्या शेजारच्या डब्यातलंच घातलं. तसलंच तर होतं."

"किती?"

"ओंजळभर. शास्त्रापुरतं."

आमच्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत जात नाही, हे वाचकांना सांगायला नको. साखर, पोहे, नाहीतर दोन मिरच्या, काहीतरी जातंच. शालन चाळीस वर्षं बटालियनच्या क्वार्टरमध्ये आणि इथे मिल्टनमध्ये तेच करत आली. आणि डब्यात वरून टाकलेलं ते ओतताना आधी बाहेर येतं.

डगकडे मोबाइल नाही. घरचा फोन वाजत राहिला. क्लबहाउसचा फोन वाजत राहिला, सगळे बाहेर नेमबाजीच्या रेंजवर असणार. मनीषा वर घरून काम करत होती, कानाला हेडफोन. मी दार ढकललं आणि सांगितलं, आत्ता गाडी काढ, डग मरेल.

तिने एक कान मोकळा केला. "बाबा, आय एम इन अ मीटिंग. इज धिस वन ऑफ युवर स्टोरीज?"

"नाही."

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग लॅपटॉप बंदही न करता किल्ली उचलली.

१०१४ ला आम्ही तिघं निघालो. एरवी पंचवीस मिनिटांचा रस्ता. पण सीझनचा पहिला बर्फ त्याच सकाळी पडायला लागला होता आणि मनीषाच्या विंटर टायर्सची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यातली होती. चढावर पुढे एक ट्रक आडवा झाला होता, तिथे पंधरा मिनिटं गेली. मी पुढच्या सीटवर बसून दर मिनिटाला क्लबहाउसला फोन लावत होतो. शालन मागे बसली होती. तिला अजून नीट समजलं नव्हतं. तिने विचारलं, जोंधळ्याचं पीठ काय नि बाजरीचं काय, दोन्ही पीठच ना? मनीषाने गाडी चालवत तिला इंग्रजी-मराठीत समजावलं, आई, हे पीठ नाही, वन इज फास्ट, वन इज स्लो, त्यांच्या तोंडासमोर फुटेल ते. शालनने मागून मनीषाची सीट धरली आणि पुढे वाकून रस्त्याकडे बघायला लागली.

१०५९ ला गेटवर पोचलो. तिथून फायरिंग पॉइंट दोनशे मीटर. बॅरियर खाली होता, गाडी आत जाईना. मी उतरून धावायला लागलो तेवढ्यात स्पीकरवर बिगुल वाजला आणि थांबला. अकरा. दोन मिनिटांची शांतता सुरू झाली.

आता माझी अडचण सांगतो. पुढे तीसेक माणसं सावधानमध्ये, टोप्या काढून, माना खाली. मी आयुष्यात शांततेच्या वेळी पापणी हलवली नव्हती. एकदा परेडवर माझ्या बुटात विंचू शिरला होता, तरी मी हललो नाही, विंचूच कंटाळून बाहेर आला. आणि इथे मला ओरडून ती शांतता मोडायची होती. पण शांततेत कुणी गोळी झाडत नाही. म्हणजे माझ्याकडे पूर्ण दोन मिनिटं होती. मी ठरवलं, ओरडायचं नाही. धावायचं. त्यांची शांतताही राहील आणि डगही राहील.

गेटवरचा माणूस रेडिओवर कुजबुजला, ते नंतर मला त्यानेच सांगितलं.

"कंट्रोल, गेट. वन मॅन रनिंग. मेडल्स ऑन. इन स्लिपर्स."

"से अगेन?"

"स्लिपर्स. ओव्हर."

पन्नास मीटरवर एक स्लिपर गेली. शंभरवर दुसरी. मोज्यात बर्फ शिरला. माझं वय अडुसष्ट, गुडघ्यांचं त्याहून जास्त. दीडशे मीटरवर मला डग दिसला. मॅटवर बसलेला, शेजारी रायफल, बोल्ट उघडा, समोर लाकडी ठोकळ्यात पाच गोळ्या उभ्या. पहिला नंबर दर वर्षी त्याचाच. त्याच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, ऑपरेशनची तारीख महिनोन् महिने मिळाली नव्हती, म्हणून तो हल्ली मान वाकडी करून नेम धरायचा. म्हणजे तोंड बोल्टच्या आणखी जवळ.

बिगुल पुन्हा वाजला. टोप्या चढल्या. रेंज ऑफिसर बाईंनी ऑर्डर दिली, "लोड."

डगने पहिली गोळी आत घातली. बोल्ट बंद केला. गाल टेकवला.

"सीझ फायर!"

हा आवाज मी चोवीस वर्षं जपून ठेवला होता. टोरंटोत लोकांनी छत्र्या उघडल्या असं मी इतरत्र सांगतो. इथे एवढंच सांगतो, तो डगला ऐकू गेला. कॅनडात रेंजवर सीझ फायर कुणीही म्हणू शकतो आणि म्हटलं की सगळ्यांनी ऐकायचं असतं, का म्हणून विचारायचं नसतं. रेंज ऑफिसरने तेच शब्द रेडिओवर पुन्हा दिले. डगने बोट काढलं, बोल्ट उघडला, गोळी मॅटवर पडली. मगच तो वळला. तो घाबरला नाही, चिडला नाही. माझ्या मोज्यांकडे बघितलं आणि वाट पाहत राहिला.

मला श्वास घ्यायला जमत नव्हतं. मी त्याच्या गोळ्यांकडे बोट केलं आणि म्हटलं, "मिक्स्ड."

तो शब्द ऐकून त्याने पाचही गोळ्या खिशात घातल्या आणि उठला.

क्लबहाउसमध्ये त्याने एक गोळी हातोडीसारख्या पुलरमध्ये अडकवली, तीनदा टेबलावर आपटली, बुलेट सुटली. आतलं बारूद त्याने पांढऱ्या कागदी प्लेटमध्ये ओतलं. तो वाकून बघत राहिला, पण त्याला काही दिसेना. मनीषाने फोनचा टॉर्च लावला.

"दोन प्रकार आहेत, डग. काही काड्या लांब आहेत, काही आखूड."

"आखूड किती?"

"अर्ध्या तरी."

डग खुर्चीत बसला. मी म्हटलं, चूक माझी. टेबलावर दोन डबे मी ठेवले. ते खरंच होतं, आणि मला तिथेच थांबायचं होतं. पण शालन पुढे आली. तिचं इंग्रजी ग्रोसरीपुरतं आहे. ती म्हणाली, "डगभाऊ, आय पुट. एम्प्टी डबा, वुई नो गिव्ह." आणि मग मराठीत माझ्याकडे बघून म्हणाली, त्यांना सांगा, मला तुक्याच्याच गोळीत घरचं थोडं घातल्यासारखं वाटलं होतं. मनीषाने ते त्याला सांगितलं.

डगने पुलर बाजूला ठेवला. मला वाटलं तो उठून जाईल. गेला असता तर मी त्याला दोष दिला नसता.

"गेली वीस वर्षं," तो म्हणाला, "डबा उघडला की मी आधी थोडं पांढऱ्या कागदावर ओतून बघतो. या वेळी पण ओतलं, मॅम. मला दिसलं नाही. आणि दिसत नाही हे सूबला फोन करून सांगायची लाज वाटली. म्हणजे चूक तिघांची. यू, हिम, मी."

मी सैन्यात मोठमोठे अधिकारी बघितले आहेत. छातीवर इतकी मेडल की एका बाजूला झुकून चालायचे. पण चुकीची वाटणी होत असताना स्वतःहून हात पुढे करून आपला हिस्सा मागणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

मग व्यावहारिक प्रश्न उरला. मिसळलेलं बारूद निवडता येत नाही. डब्यात होतं तेवढं सगळं बाद. तोच त्या लॉटचा शेवट होता. रेंज ऑफिसर बाईंनी दुकानातल्या गोळ्यांची पेटी पुढे केली. डगने थँक यू म्हटलं आणि पेटी हळूच परत सरकवली. म्हणाला, या वर्षी फायर करणार नाही.

बाद बारूद ठेवायचं नसतं. मोकळ्या जागेत पातळ पसरून जाळून टाकायचं असतं. डगने उरलेल्या चार गोळ्या फोडल्या, सगळं बारूद सोबत आणलेल्या हिरव्या डब्यात परत ओतलं आणि क्लबहाउसमागच्या खडीवर गेला. रेंज ऑफिसरने रेडिओवर कळवलं, "ऑल स्टेशन्स, बर्निंग पावडर बिहाइंड द क्लबहाउस. नो कॉझ फॉर अलार्म." कुणीतरी मला बूट दिले. दोन साइज मोठे होते.

खडीवरचा बर्फ डगने पायाने बाजूला केला. मग डबा तिरका करून एक बारीक रेघ ओतली, हातभर लांब. एक पाऊल सोडून दुसरी. मग तिसरी, चौथी. डबा हलवून बघितला आणि पाचवी ओढली.

मनीषाने लांब दांड्याचा लायटर आणला. डगने तो हातात घेतला, पहिल्या रेघेच्या टोकाला लावला आणि मागे सरला. आवाज झाला नाही. बंद नळीतलं बारूद गर्जना करतं, मोकळ्यावरचं नुसतं फुसफुसतं. पिवळी ज्योत टोकापासून टोकापर्यंत पळाली आणि संपली.

डगने नावं घेतली. एका रेघेला एक.

"कॉर्पोरल रे मर्चंड."

"प्रायव्हेट टॉम हॅलोरन."

"प्रायव्हेट पीट सवात्स्की."

"प्रायव्हेट गॉर्डन बेल. ही वॉज नाइन्टीन."

मग त्याने लायटर माझ्यापुढे धरला. मी घ्यायला हात केला तेवढ्यात शालन पुढे झाली आणि तिने तो घेतला. पदर जॅकेटमध्ये खोचला, वाकली, पाचव्या रेघेला लावला. तुकारामला ती जन्मभर तुक्या म्हणत आली. तार आली तेव्हा तुक्या, वर्षश्राद्धाला तुक्या, अजूनही कधी विषय निघाला तर तुक्याच.

"नाईक तुकाराम बाजीराव शेलार," ती म्हणाली.

पाचांत ती रेघ सगळ्यात आखूड होती, डबा तिथेच संपला होता. ती विझेपर्यंत आम्ही सावधानमध्ये उभे होतो. डग, मी, मनीषा आणि शालन. शालनला सावधान कधी कुणी शिकवलं नव्हतं.